गुंगी घेण्याआधी तोंड उघडा



साठी ओलांडली की आपल्या घराघरांत दोन शब्द ऐकू येऊ लागतात, गास्त्रोस्कोपिया आणि कोलोनोस्कोपिया. कुपत खोलीमच्या डॉक्टरांनी हफनाया लिहून दिली की तयारी सुरू होते. जुलाबाचे औषध किती वाजता घ्यायचे, पाणी कधी बंद करायचे, घरी आणायला मुलगा येणार की जावई, या सगळ्यांची चर्चा होते. तोंडात काय काय बसवलेले आहे, याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही दातांविषयी लिहीत आहोत. दात साफ कसे ठेवावेत हे आपणांस ठाऊकच आहे. तपासणीसाठी किंवा ऑपरेशनसाठी गुंगी देतात तेव्हा दात आणि दातांचे काम कसे सांभाळावे, एवढाच आजचा विषय.

प्रथम गुंगी आणि भूल यांतला फरक पाहू. इथे ज्याला ‘तिश्तूश’ म्हणतात ती गुंगी. शिरेतून औषध देतात, माणूस पेंगतो, पण श्वास स्वतःच घेत असतो. मोठ्या ऑपरेशनला देतात ती पूर्ण भूल, म्हणजे ‘हरदामा’. तेव्हा बहुधा घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागते. दोन्हींत एक गोष्ट सारखी. जागेपणी घशात काही अडकू लागले तर आपल्याला ठसका येतो, उमासा येतो. गुंगीत हा पहारेकरी पेंगतो, पूर्ण भुलीत तर गाढ झोपतो. तोंडात काही सुटले तर ते बाहेर थुंकायला कोणी जागे नसते.

आता दातांना इजा कशी होते ते सांगतो. गास्त्रोस्कोपियाच्या वेळी दातांमध्ये प्लास्टिकचे एक कडे बसवतात. त्यातून दुर्बिणीची नळी आत जाते. कडे असते म्हणून रुग्ण नळी चावत नाही, पण अर्धवट गुंगीत माणूस त्या कड्यावरच जोराने दात आवळतो. समोरचा दात हलत असेल किंवा त्यावर कॅप असेल, तर सगळा जोर तिथे येतो. पूर्ण भुलीत नळी घालताना जीभ उचलायला धातूचे एक पाते तोंडात घालावे लागते. ते वरच्या समोरच्या दातांच्या अगदी जवळून जाते, म्हणून सर्वांत जास्त इजा त्याच दातांना होते. शुद्धीवर येतानाही काही रुग्ण तोंडातली नळी करकचून चावतात, तेव्हाही कॅपचा टवका उडू शकतो.

कोणी म्हणेल, कोलोनोस्कोपियात नळी तोंडातून जातच नाही, मग दातांचा संबंध काय? संबंध गुंगीचा आहे. औषधाने जबडा आणि जीभ सैल पडते. श्वास मंदावला तर डॉक्टरांना जबडा पुढे ओढून धरावा लागतो, क्वचित तोंडात नळी घालावी लागते. अशा घाईच्या क्षणी तोंडात सैल कवळी असणे बरे नव्हे.

घाबरून जावे असे प्रमाण मात्र नाही. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांचे रॉयल कॉलेज रुग्णांना सांगते की पूर्ण भुलीत दाताला दुरुस्ती करावी लागेल किंवा तो काढावा लागेल अशी इजा साधारण 4,500 रुग्णांत एकाला होते. पण हा आकडा सर्वांचा मिळून आहे. ज्यांचे दात हलतात, हिरड्या खाली गेल्या आहेत, समोर कॅप किंवा ब्रिज आहे, त्यांना धोका जास्त. आणि आपल्या वडीलधाऱ्यांत असे किती जण आहेत हे सांगायला नको.

कवळीचा धोका वेगळा. 2019 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्ट्समध्ये एका 72 वर्षांच्या गृहस्थाची हकीकत छापून आली. पोटावरची साधी गाठ काढण्यासाठी त्यांना पूर्ण भूल दिली होती. सहा दिवसांनी ते परत आले, तोंडातून रक्त येत होते आणि काही गिळवत नव्हते. डॉक्टरांना वाटले, नळीमुळे घसा सोलवटला असेल. औषधे देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी त्रास वाढला तेव्हा पुन्हा तपासले, तर त्यांचीच अर्धी कवळी, धातूची पट्टी आणि तीन खोटे दात, स्वरयंत्रापाशी अडकलेली! ती हॉस्पिटलातच हरवली अशी त्या गृहस्थांची समजूत होती. कवळी काढल्यावरही रक्तस्राव होत राहिला आणि त्यांना अनेकदा हॉस्पिटलात यावे लागले. शेवटी ते बरे झाले. ऑपरेशनच्या आधी कोणी ती कवळी काढून डबीत ठेवली असती, तर यातले काहीच घडले नसते. शिवाय नुसत्या प्लास्टिकची कवळी एक्स-रेमध्ये बहुधा नीट दिसतही नाही.

मग लोक सांगत का नाहीत? कारण दोन, भाषा आणि लाज. आमच्या ओळखीच्या एका आजींना तपासणीसाठी नेले होते. हिब्रू फॉर्म नातीने भरला. आखोतने विचारले, “शिनायिम तोतावोत?” नातीने आजीला न विचारताच “लो” सांगितले. बिचारीला ठाऊकच नव्हते, आजीने घरात कधी कोणासमोर कवळी काढली नव्हती. आजीला प्रश्न कळला होता, पण नातीसमोर हो म्हणवेना. आखोतने बॅटरी घेऊन तोंडात पाहिले म्हणून निभावले. बोळके तोंड दाखवायला कोणालाही संकोच वाटतो, ते आम्ही समजतो. पण त्या खोलीत डॉक्टर आणि आखोत रोज बोळकी तोंडे पाहतात. आणि ज्या दाताची खबर नाही, तो सांभाळणार कसा?

म्हणून हे शब्द लक्षात ठेवा. कवळी म्हणजे शिनायिम तोतावोत. कॅप म्हणजे केतेर. ब्रिज म्हणजे गेशेर. हाडात बसवलेले इम्प्लांट म्हणजे श्तालीम. हलणारा दात म्हणजे शेन मितनादनेदेत. भूल देणारे डॉक्टर ते मर्दीम. “येश ली शेन मितनादनेदेत” एवढे एक वाक्य आणि त्या दातावर ठेवलेले बोट, मर्दीमला पुरेसे आहे.

आता तारीख ठरल्यापासून काय करावे ते क्रमाने सांगतो.

दात हलत असेल, कॅप सैल झाली असेल, तर दोन-तीन आठवडे आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवावे. इम्प्लांट हाडात पक्के असते, पण वरची कॅप फुटू शकते, म्हणून तेही सांगावे. तात्पुरत्या सिमेंटने बसवलेली कॅप असेल तर ती आवर्जून सांगावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात हलत असतात, आई-वडिलांनी कोणता दात ते दाखवून ठेवावे. दातांच्या तारा असतील तर तेही सांगावे.

तोफेस हस्कामावर सही करण्यापूर्वी दातांची स्थिती आपल्या फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगावे. इथे मोठ्यांच्या दातांचा बहुतेक खर्च आपल्याच खिशातून होतो, तेव्हा आधी काय होते आणि नंतर काय झाले याची नोंद असलेली बरी.

कवळीसाठी झाकणाची डबी न्यावी, त्यावर नाव आणि तेऊदत ज़ेहूतचा नंबर लिहावा. कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये, तो कचऱ्यात जातो आणि कवळीही त्याच्याबरोबर! डबी सोबत आलेल्या माणसाच्या हाती द्यावी. कधी कधी पूर्ण भूल देताना मास्क नीट बसावा म्हणून मर्दीम सबंध कवळी थोडा वेळ राहू द्या म्हणतात. ते म्हणतील तसे करावे, पण ती कोण काढणार आणि कुठे ठेवणार हे विचारून घ्यावे.

जाग आल्यावर नीट शुद्ध आणि घशाची बधिरता जाईपर्यंत कवळी घालू नये, काही खाऊ-पिऊ नये. मग जिभेने सगळे दात चाचपून पाहावेत, आरशात पाहावे. तुकडा उडाला असेल किंवा दात नाहीसा झाला असेल तर घरी जाण्यापूर्वीच सांगावे आणि मिख्ताव शिख्रूरमध्ये लिहून घ्यावे. नाहीसा झालेला तुकडा सापडलाच पाहिजे, कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून ताबडतोब दाताच्या डॉक्टरांकडे न्यावा. अर्ध्या-पाऊण तासात बसवला तर तो वाचण्याची आशा असते. आणि घरी आल्यावर कवळी सापडत नाही, घसा दुखतो, खोकला थांबत नाही, असे झाले तर वाट पाहू नये. तातडीने मियूनमध्ये जाऊन “कवळी हरवली आहे” हे पहिल्या वाक्यात सांगावे.

शेवटी मुलासुनांना आणि नातवंडांना एक विनंती. ऑपरेशन नेहमी तारीख देऊन येत नाही. रात्री अँब्युलन्स येते तेव्हा आई-पापांना बोलता येईलच असे नाही. त्यांच्या गोळ्यांची यादी आपण फ्रिजवर लावतोच. त्याच कागदाखाली दातांविषयी दोन ओळी हिब्रूत लिहून ठेवा. त्यासाठी आधी त्यांना प्रेमाने विचारावे लागेल, एकट्यात, पाहुण्यांसमोर नव्हे.