संगणकावरचा ‘गोपनीय अहवाल’

खाजगी कंपनीत आरक्षण नाही, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आम्हाला उठता-बसता ऐकवले जाते. ठीक आहे. मग ही गुणवत्ता मोजतो कोण आणि कोणत्या मापाने, एवढेच आम्ही विचारतो.

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आमच्या बापांना ‘सी.आर.’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. साहेबाने गोपनीय अहवालात एक शेरा मारला की बढती अडली, आणि शेरा काय होता तेही कळायचे नाही. देव दत्त खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या खटल्यातील शेरा वाईटही नव्हता, ‘चांगला’ होता. पण बढतीला ‘अति चांगला’ लागत होता! त्या बापांची मुले आज हिंजवडी, खराडीच्या काचेच्या इमारतींत कोडिंग करतात. हा निकाल सरकारी नोकरांसाठी; त्या इमारतींत तो पोहोचत नाही.

तिथे अप्रेझल होते. अनेक कंपन्यांत आधीच ठरलेले असते, की अमुक टक्के लोक वर, बहुतेक मध्ये आणि काही तळाला. यालाच ‘बेल कर्व्ह’ म्हणतात. दहाही जणांनी चोख काम केले तरी एकाला तळाला बसवायचेच. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडली. आमच्याकडे ती अजून पुष्कळ ठिकाणी नावे बदलून नांदते. (उतरंड म्हटले की आम्हाला दुसरेही काही आठवते, तो आमचा दोष नव्हे.)

आता तळाला कोण? किती काम वेळेत दिले, किती चुका दुरुस्त केल्या, हे मोजता येते. पण ‘कम्युनिकेशन’, ‘ॲटिट्यूड’, ‘व्हिजिबिलिटी’ कशात मोजायची? इथे इंग्रजीचा उच्चार, साहेबाबरोबरचा चहा, डब्यातली भाजी, सगळेच मोजले जाते. प्रत्येक मॅनेजर जातीयवादी असतो असे आमचे म्हणणे नाही. पण सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. दारात आडनाव नडते, ते आत गेल्यावर गळून पडते काय? अमेरिकेतही सिस्को कंपनीतील दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून कॅलिफोर्निया राज्याने २०२० मध्ये दावा लावला. २०२३ मध्ये दोघा अधिकाऱ्यांवरील दावा मागे घेतला गेला, कंपनीवरील नाही.

आमची मागणी साधी आहे. निकष वर्षाच्या सुरुवातीला लेखी द्या. कमी श्रेणी दिली तर कारण लेखी द्या. अपील त्याच साहेबाच्या साहेबाकडे नको, बाहेरच्या माणसाकडे हवे. महिलांचे प्रमाण वार्षिक अहवालात छापता, मग कोणत्या समाजाला कोणती श्रेणी मिळते हेही मोजा. मोजायला नकार का, हे त्यांनीच सांगावे.

तोवर आमच्या तरुणांनी आपल्या कामाची तारीखवार नोंद ठेवावी. कौतुकाची पत्रे जपावीत. स्वतःचे मूल्यमापन लिहिताना संकोचू नये. आणि श्रेणी पटली नाही तर मान्यतेचे बटण दाबण्यापूर्वी शेऱ्याच्या रकान्यात असहमती नोंदवावी. तो रकाना आमची मुले बहुधा कोराच सोडतात.