रविवारच्या मटणाची वाटणी



रविवारची मिस्सा आटोपली की आपल्या पुष्कळ घरांत डुकराचे किंवा बकऱ्याचे मांस शिजते. मोठे तुकडे घरधन्याच्या व थोरल्या मुलांच्या ताटात जातात. बाया शेवटी बसतात आणि त्यांच्या वाट्याला रस्सा येतो. ही रीत आरोग्याच्या दृष्टीने अगदी उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘लाल मांस’ म्हणजे फक्त गोमांस, असे अनेकजण धरून चालतात. गाय, म्हैस, डुक्कर, शेळी, मेंढी या सर्वांचे मांस लालच. कोंबडी व मासळी त्यात येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २२ तज्ज्ञांकडून ८०० हून अधिक अभ्यास तपासून घेतले. मीठ लावून, आंबवून वा धुरी देऊन टिकवलेल्या मांसामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, आणि ताज्या लाल मांसामुळे तो बहुधा होतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. आपले गोव्याचे चोरिस पहिल्या वर्गात मोडते, हे मान्य करावेच लागेल. टिकवलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरांतील अठरा जणांना रोग होतो असे नव्हे. मुळात असलेल्या धोक्यात तेवढी भर पडते, आणि तो मूळ धोका आपल्या देशात पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. तेव्हा नाताळात चोरिस खाल्ले म्हणून कोणी घाबरू नये. रोज न्याहारीला पावाबरोबर ते खाणे ही गोष्ट निराळी.

मांसाला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यात लोह असते. ते द्रव्य आतड्याच्या अस्तराला डिवचते आणि तेथे अपायकारक संयुगे बनण्यास मदत करते, असे संशोधक मानतात. पण गंमत अशी की तेच लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी चांगले लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दरमहा पाळीत रक्त जाणाऱ्या सुनेला तुकडा हवा, आणि पन्नाशी उलटलेल्या, फेणीचा पेला घेऊन बसणाऱ्या सासऱ्याला तो कमी हवा. (दारूही या रोगाला हातभार लावते, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

दुसरे खनिज कॅल्शियम. ते आतड्यात पित्तातील आम्ले व मांसातील तांबडे द्रव्य बांधून ठेवते, असे प्रयोगांत दिसले आहे. ब्रिटनमधील पाच लाखांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा पेला दुधाइतके, जादा कॅल्शियम घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी कमी आढळला. उलट अमेरिकेत ३६ हजार स्त्रियांवर सुमारे सात वर्षे प्रयोग झाला; निम्म्यांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तरी २००६ च्या निष्कर्षानुसार रोग घटला नाही. म्हणून गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. आपण मात्र सगळे दूध डेअरीला घालतो आणि घरात चहापुरते ठेवतो! वरकस जमिनीतही येणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तिला गरिबाचे धान्य म्हणून आपण शेतातून व ताटातून घालवले. रोज लिटरभर दूध घरात राहिले तर डेअरीचा हिशेब थोडा घटेल, पण तो तोटा मी तोटा मानत नाही.

रक्त कमी असलेल्या मुलीला मात्र मांसाच्या जेवणाबरोबरच दूध देऊ नये. कॅल्शियम लोहाला पुरते शोषू देत नाही. दोन तास जाऊ द्यावेत.

पन्नाशीनंतरच्या पुरुषाचे रक्त कमी झाले, तर नुसते लोहाचे टॉनिक आणून थांबू नये. रक्त आतड्यातून झिरपत असण्याचा संभव असतो. शौचातून रक्त पडले की आपण घरीच मूळव्याध ठरवतो. डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांनी सांगितल्यास दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. सुगी संपली की बघू, असे म्हणता म्हणता तीन-चार महिने सहज निघून जातात.