नळी तीच, वाटी तीच, बिल मात्र सावेडीचं

"घरी केलंय का, मॅडम?"

पार्लरच्या खुर्चीत टेकायचा अवकाश, मागून हा सवाल येतो. पोरगी भांग उलगडते, एक बट दोन बोटांत धरते आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईलाही दिसेल इतपत वर उचलते. हा सवाल नव्हे, आरोपपत्र आहे. गुन्हा काय? तर रविवारी सकाळी जुना गाऊन घालून, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन फासून, बाथरूमच्या आरशासमोर आपण आपल्या डोक्याला रंग लावला. आपल्या डोक्याला! दुसऱ्याच्या भिंतीला नव्हे.

या नाक मुरडण्याची मला चीड आहे आणि ती मी गिळणार नाही. अहिल्यानगरच्या सावेडीत, गुलमोहर रोडला, पाइपलाइन रोडला काचेच्या दारांची पार्लरं उभी राहिली, याचा मला आनंदच आहे. बायांनी चार पैसे कमवावेत, चार पैसे स्वतःवर उधळावेत. पण पांढऱ्या मुळांना काळा किंवा तपकिरी रंग लावणं ही काही शस्त्रक्रिया नाही. शस्त्रक्रियेचा आव आणून, 'कन्सल्टेशन', 'रूट टच-अप', 'ग्लोबल' असले मंत्र पुटपुटून हजारांत बिल फाडायचं आणि वर घरी करणारीला अडाणी ठरवायचं, हा शुद्ध भोंदूपणा आहे.

रंग चढतो कसा, ते तरी बघा. अमोनियासारखा अल्कली केसावरची खवल्याखवल्यांची साल फुगवतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरतं, मूळचं मेलॅनिन फिकं करतं आणि रंगाच्या बारीक रेणूंना आतल्या आत एकमेकांशी जोडतं. जोडून मोठे झालेले रेणू मग सहजी बाहेर पडत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ. पार्लरवाल्या ज्याला गंभीर चेहऱ्याने 'ट्वेंटी व्हॉल्यूम' म्हणतात ते सहा टक्के पेरॉक्साइड आहे. चितळे रोडवरच्या जनरल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या क्रीम कलरच्या पाकिटातही त्याचाच भाऊबंद असतो. त्या रेणूंना वाटी सावेडीत आहे की केडगावात, हे कळत नाही. आणि 'आमचं अमोनिया-फ्री आहे' याचं कौतुक कशाला? अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा इथॅनोलअमाइन घातलेलं असतं. त्याला वास कमी येतो. काम तेच करतं, साल फुगवायचं. वास गेला म्हणजे रसायन गेलं, असं मानणाऱ्यांनी निदान दुसऱ्यांना अडाणी म्हणू नये.

बरं, ही विद्या आली कुठून? 1907 साली पॅरिसमध्ये युजेन शुएलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने राहत्या छोट्याशा घरातच प्रयोगशाळा मांडून केसांचा कृत्रिम रंग बनवला आणि तो तिथल्या केशकर्तनकारांना विकला. दोन वर्षांनी त्याने कंपनी काढली, तीच आजची लॉरिआल. म्हणजे रंगाच्या ज्या नळीच्या जोरावर पार्लरवाली घरच्या रंगाला हिणवते, ती नळीच मुळात घरात जन्मली!

पुरुषांचं बघा. माळीवाड्यातल्या, भिंगारमधल्या कुठल्याही साध्या सलूनमध्ये जा. भाऊ येतात, "डाय मारून द्या" म्हणतात. नाभिक दादा पाकीट फोडतात, वाटीत कालवतात, ब्रशने डोकं उरकतात, जाता जाता मिशीवरही एक हात फिरवतात. (मिशी ओठाशी असते. तिथे रंग लावूच नये, हे मी दहा जणांना सांगून दमले.) भाषण नाही, 'हेअर फार डॅमेज झालेत' नाही, तीन हजारांचा स्पा गळ्यात मारणं नाही. तेच पाकीट बाईच्या डोक्यावर आलं की त्याला शास्त्र लागतं, तज्ज्ञ लागतो आणि लाज लागते. ही लाजच तर विकायला ठेवलीय.

आणि बिलाचंच बोलायचं तर, 22 सप्टेंबर 2025 पासून सलून-पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तुमचं बिल किती उतरलं, ते पावतीवर बघा.

पण खरा संताप पुढेच आहे. गडद रंगांत बहुधा पॅरा-फेनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याच्याच कुळातलं काहीतरी असतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. ज्यांना होतं त्यांचं डोकं खाजतं, लस वाहते, कानामागे फोड येतात, सकाळी पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही, पुढच्या खेपेला दामदुपटीने येते. म्हणून आपल्या कायद्याने अशा रंगाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं बंधनकारक केलंय: आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, डोळे जाऊ शकतात. चाचणीची रीतही आत द्यावी लागते. कानामागे किंवा कोपरापाशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं मिश्रण लावा, 24 तास ठेवा, मग धुऊन बघा. एवढंच.

या सगळ्या व्यवहारात विज्ञान म्हणावं असं एवढंच आहे, आणि नेमकं तेच पार्लरमध्ये गायब! सावेडीतल्या एका पार्लरात मी विचारलं, "पॅच टेस्ट करता का?" मालकीणबाई म्हणाल्या, "मॅडम, आमचं प्रॉडक्ट इंटरनॅशनल आहे." इंटरनॅशनल! अहो, युरोपात पीपीडीवर दोन टक्क्यांची मर्यादा घातलीय आणि ॲलर्जीचा इशारा छापायची सक्ती केलीय ती उगाच का? फ्रेंच कातडीला फोड येतात आणि नगरी कातडीला येत नाहीत, असं कुणी सांगितलं? पाकिटाच्या पाठीवर मराठीत छापलेल्या चार ओळी वाचून आदल्या दिवशी कानामागे थेंब लावणारी बाई त्या मालकीणबाईंपेक्षा शंभर पटींनी तज्ज्ञ आहे.

घरातल्या एका थोतांडालाही सोडणार नाही: काळी मेंदी. मेंदीच्या पानातलं लॉसोन केशरी-लाल रंग देतं, काळा नाही. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात, आवळा पूड घालून रात्रभर भिजवली की सकाळी लगदा काळपट दिसतो, हात काळे होतात. चहा-आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून ते करतं. तरी डोक्यावर उतरतो तो तांबूस, फार तर तपकिरी. मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावली तर काळेपणा येतो, पण दोन टप्प्यांत, तासन् तास थांबून. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणाऱ्या 'शंभर टक्के हर्बल' पुडीत काय असतं? बहुतेकदा तेच पीपीडी! पुडीवर माक्याचं आणि जास्वंदाचं चित्र छापून आत रसायन भरणारे लोक पार्लरवाल्यांहून वाईट, कारण त्यांच्या भरवशावर बायका चाचणीही करत नाहीत.

काळ्याचं सोनेरी करायचं असेल, हायलाइट्स हव्या असतील, आधीचा काळा रंग उतरवायचा असेल तर खुशाल पार्लरला जा. तिथे ब्लीच लागतं, नजर लागते, सवयीचा हात लागतो. एक मिनिट चुकलं तर केस तुटून हातात येतात. त्या कसबाचे पैसे मी आनंदाने मोजीन. आणि ते कसब असतं त्या पोरीपाशी. दिवसभर उभं राहून, रसायनात हात घालून तिच्या बोटांची सालं निघतात. 'घरी केलंय का' हे तिचं वाक्यच नव्हे, तिला पढवलेलं आहे. माझा राग पढवणाऱ्यांवर आहे.

1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. स्वतःची कमाई सोडून ते बाईच्या बाजूने उभे राहिले. बाईच्या केसांवर तिचाच हक्क, हे त्या साध्या कारागिरांना कळलं होतं. आज एसीत बसून, डिप्लोम्याची चौकट भिंतीला टांगून, त्याच केसांवरून बाईला खजील करून पैसे काढणाऱ्यांना ते कळू नये?

तेव्हा पुढच्या वेळी मागून सवाल आला की मागे वळा आणि मोठ्याने सांगा, "हो, घरी केलंय. कानामागे टेस्ट लावून केलंय. तुम्ही लावता का?" शेजारच्या खुर्चीतल्या बाईलाही ऐकू जाऊ दे. आणि टेस्टसाठी आदल्या दिवशी यायला सांगणारं एखादं पार्लर भेटलं, तर त्याचं नाव अख्ख्या गल्लीत सांगा.