एकटीचा एक दिवस

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक गृहिणी दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाब १५४/९६, झोप नाही, मान सतत आखडलेली. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, नोकरी करणारी सून आणि दोन नातवंडे. औषध लिहून देताना मी सवयीने म्हटले, ‘‘थोडी विश्रांती घ्या. चार दिवस कुठेतरी जाऊन या.’’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘डॉक्टरबाई, तुम्ही शेवटच्या कधी गेला होता?’’

मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी स्वतःचा रक्तदाब मोजला. पुढील आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजत राहिले. घरी मोजलेल्या रक्तदाबाची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरली, तर तो वाढलेला समजतात. माझी सरासरी त्याच्या वर होती. एका फिजिशियन मित्रांनी गोळी सुरू केली. तिच्याबरोबर त्यांनी मलाही तोच सल्ला दिला, जो मी तीस वर्षे इतरांना देत आले आहे.

माझ्या आईला जाऊन दोन वर्षे झाली. पक्षाघातानंतर चार वर्षे ती अंथरुणावर होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावे लागे. रात्री दोनची पाळी माझी असे. ती गेल्यावरही रोज बरोबर दोन वाजता मला जाग येत राहिली. रुग्णाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्याचे शरीर पहारेकऱ्यासारखे होऊन जाते. पहारा संपल्याचा निरोप त्याला लवकर पोहोचत नाही.

फेब्रुवारीत मी निघाले. यजमान म्हणाले, ‘‘मी येऊ का सोबत?’’ त्यांना नको म्हणणे हेच त्या सहलीतले सर्वांत अवघड काम होते. ते आले असते, तर त्यांच्या चहाची वेळ मी तिथेही सांभाळली असती. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची सबबही उरली नाही. सायंकाळी एका घरगुती निवासात पोहोचले. घरच्या वहिनींनी चहा पुढे केला आणि विचारले, ‘‘एकट्याच आलात?’’ त्यात कुतूहल होते, थोडी काळजीही होती. पुढच्या दिवसभरात हाच प्रश्न मला आणखी चार जणांनी विचारला.

गुहागरचे गाव समुद्राला समांतर, लांबट वसले आहे. रस्त्याच्या पश्चिमेकडील घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या मागे थेट किनारा. सकाळी साडेसहाला वाडीचे मागचे फाटक उघडून मी वाळूवर आले. ओहोटी होती. ओली, घट्ट वाळू चालायला सोपी असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांना अधिक श्रम पडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी पाण्याच्या कडेनेच, परंतु फार उतार नसलेल्या जागी चालावे. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालूच नये. शिंपल्याची चीर किंवा दुपारच्या वाळूचा चटका त्यांना कळत नाही आणि जखम आठवड्याने लक्षात येते.

आपणास वाटेल, समुद्र दिसताच मन शांत झाले असेल. तसे झाले नाही. पहिला तासभर माझा हात वारंवार पिशवीतल्या मोबाइलकडे जात होता. नेहमीच्या रुग्णांपैकी कुणाला ताप आला असेल, दवाखान्याचे कुलूप नीट लागले असेल ना, असे विचार येत राहिले. रिकामे बसणे हा जणू अपराध होता. यावर मनाशी भांडून उपयोग नसतो, म्हणून मी श्वासाकडे वळले. नाकाने सावकाश श्वास आत घ्यायचा आणि त्याहून अधिक वेळ घेऊन बाहेर सोडायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास. दीर्घ उच्छ्वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि नाडी थोडी मंदावते. मनगटावर बोटे ठेवून कुणालाही हे अनुभवता येईल. दहा मिनिटांनी मन रिकामे झाले नव्हते. खांदे मात्र खाली आले होते. ते इतका वेळ कानांशी चिकटले होते, हे मला तेव्हा कळले.

पाण्यात मी घोट्यापर्यंतच गेले. एकट्या माणसाने अनोळखी समुद्रात पोहू नये. गुहागरचा किनारा सपाट आणि देखणा दिसतो, पण असल्या किनाऱ्यांवरही परतीचे प्रवाह माणसाला आत ओढून नेतात. कधी अडकलातच, तर प्रवाहाशी झुंज न देता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे. त्याहून बरे म्हणजे भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारावी आणि त्यांचे ऐकावे. मी कुठे आहे आणि केव्हा परतणार, हे घरी कळवले होते. गोळ्या आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत होती.

न्याहारीला घावन आणि ओल्या नारळाची चटणी मिळाली. अकरा ते तीन ऊन टाळून मी व्याडेश्वराच्या देवळात थोडा वेळ टेकले. मग शहाळे घेतले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. जुलाबांत त्याला जलसंजीवनीचा पर्यायही मानू नये. दुपारी वहिनींनी वालाची उसळ, भात आणि सोलकढी वाढली. पापड-लोणचे मी नाकारले, तेव्हा त्या थोड्या नाराज झाल्या. जेवण झाल्यावर पडवीत आडवी झाले आणि दोन तास गाढ झोपले. उठल्यावर डोळे भरून आले. आईसाठी दोन वर्षांत मी नीट रडलेच नव्हते. घरात कुणी ना कुणी सतत असते आणि डॉक्टर रडू लागली की सगळेच घाबरतात. त्या पडवीत मला सावरायला कुणी नव्हते आणि मलाही कुणाला सावरायचे नव्हते.

सायंकाळी निघताना वहिनींना म्हटले, ‘‘चला माझ्याबरोबर.’’ त्या हसल्या. ‘‘आम्हांला कसला समुद्र, ताई? रोजचाच तो.’’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘‘सूर्य बुडताना बसून बघितला, त्याला किती वर्षे झाली, आठवत नाही.’’ फाटकापासून वाळू जेमतेम पन्नास पावलांवर होती. शेवटी हात पदराला पुसत त्या आल्या. आम्ही वीस मिनिटे बसलो, फारसे बोललो नाही. सूर्य पाण्यात उतरताच त्या भात लावायला परतल्या.

म्हणून आपणांस गुहागरला जाच, असे मी सांगणार नाही. समुद्र परसात असूनही वहिनींना वीस मिनिटे मिळत नव्हती. घरात सेवा करणारी जी व्यक्ती असेल, बहुधा ती आई, सून किंवा थोरली मुलगी असते, तिला आठवड्यातून निदान एक संध्याकाळ पूर्ण मोकळी द्या. त्या वेळी रुग्णाजवळ कोण बसणार, हे नावानिशी ठरवा. ‘तू जा, आम्ही बघू’ एवढे पुरेसे नसते; तेवढ्याने ती घराबाहेर पडली तरी मनाने घरातच राहते. आणि सेवा करणाऱ्या भगिनींनो, मदत मागताना कारण सांगत बसू नका.

परतल्यावर आठवडाभर माझा रक्तदाब थोडा कमी आला. त्याचे श्रेय एका दिवसाला देऊन गोळी बंद करण्याची चूक मी केली नाही. आपणही करू नये. रक्तदाब हा जन्माचा सोबती असतो आणि विश्रांती ही औषधाची जोड आहे, बदली नव्हे. रात्री दोनला अजून कधी कधी जाग येते. गुहागरला त्या रात्रीही आली होती. पोफळींच्या पलीकडे लाटांचा आवाज येत होता. कुणाला कुशीवर वळवायचे नव्हते. मी स्वतःच कूस बदलली आणि पुन्हा झोपले.

त्या गृहिणी पुढील तपासणीस आल्या, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. मग त्यांच्या मुलाला आत बोलावून घेतले आणि त्यांच्यासमक्ष रविवारची संध्याकाळ त्याच्या नावावर लिहून दिली. औषधांच्याच चिठ्ठीवर.