बंदरावरचा न दिसणारा पहारा

जहाज धक्क्याला लागले की त्यावरील मालाची मोजदाद सुरू होते. किती पेट्या उतरल्या, किती जकात आली, कोणाचा माल कोणत्या वखारीत गेला, ह्या साऱ्याची नोंद पैशापर्यंत ठेवली जाते. पण त्याच जहाजातून कधी कधी असा एक प्रवासी उतरतो की ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो लाकडी खोक्याच्या फळीत अळीच्या रूपाने दडलेला असतो, धान्याच्या पोत्याच्या शिवणीत असतो, किंवा कंटेनरच्या पत्र्याला चिकटलेल्या अंड्यांच्या पुंजक्यात असतो. त्याची नोंद होते ती काही वर्षांनी, शेतकऱ्याच्या बुडालेल्या पिकात. परदेशी किडींना बंदरातच अडविणे हा कृषिखात्यातील तज्ज्ञांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी शहरातील सुशिक्षितांची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि महागात पडणारीही आहे.

मुंबईने तरी ती बाळगू नये. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून अमेरिकेच्या टेक्सास राज्यात एक सोंडकिडा शिरला. आपल्याकडे ज्या गुलाबी बोंडअळीने शेतकऱ्यांना छळले तिच्याहून हा निराळा. कापसाच्या कळीत व बोंडात मादी अंडी घालते, अळी आतले सारे खाऊन टाकते, आणि बोंड उमलण्यापूर्वीच गळून पडते. तीस वर्षांच्या आत ह्या किड्याने अमेरिकेचा जवळजवळ सारा कापूसपट्टा व्यापला. अलाबामातील एंटरप्राइज गावच्या शेतकऱ्यांना कापूस सोडून भुईमुगाकडे वळावे लागले, आणि त्यातून पुढे बरकत आली म्हणून त्यांनी १९१९ साली ह्या किड्याच्या नावाने चक्क स्मारक उभारले! अमेरिकेचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत येत असे. एखाद्या गाठीतील सरकीबरोबर जिवंत किडा आला असता, तर वऱ्हाड-खानदेशापर्यंत पोहोचावयास त्याला वेळ लागला नसता.

तो आला नाही, हा योगायोग नव्हे. १९०६ साली हिंदुस्थान सरकारने आयात कापसाच्या गाठींना धुरी देणे सक्तीचे केले, आणि पुढे अमेरिकन कापूस मुंबई बंदरातूनच आत येऊ द्यावा असा नियम झाला. १९१४ साली विध्वंसक कीटक व कीड कायदा अस्तित्वात आला. परकी सरकारने हे केले ते शेतकऱ्यावरील प्रेमापोटी केले असे मानण्याचे कारण नाही. पण केले ते योग्य होते. एका शतकाहून अधिक काळ लोटला, तरी तो सोंडकिडा भारतात नाही. ह्या यशाचा सोहळा कधी झाला नाही, कारण जे घडलेच नाही त्याचे सोहळे होत नसतात. ज्या रात्री चोरी झाली नाही त्या रात्रीचा पहारेकऱ्याचा पगार कापणारा मालक शहाणा म्हणवत नाही. किडींवरील पहाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच वागत आलो आहोत.

पहारा चुकला म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला आढळला, आणि थोड्याच वर्षांत महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंत येऊन पोहोचला. औषधांच्या फवारण्या थकल्या. शेवटी २०१० साली पोर्तो रिकोहून त्याचा नैसर्गिक शत्रू असलेला एक चिमुकला परोपजीवी कीटक आणावा लागला, तेव्हा कोठे ही कीड आटोक्यात आली. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील मक्यावर अमेरिकन लष्करी अळी दिसली, आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात शिरली. असा पाहुणा कोणत्या वाटेने आला हे मागाहून शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि शोधून तरी उपयोग काय? एकदा शेतात रुजलेली कीड सहसा परत जात नाही.

आज ही वाट पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद झाली आहे. एकट्या जवाहरलाल नेहरू बंदराने २०२३-२४ ह्या वर्षात ६४ लाखांहून अधिक कंटेनर-एककांची उलाढाल केली. प्रत्येक पेटी उघडून पाहणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच माल निघतो तेथेच त्याची शुद्धी व्हावी, हे तत्त्व जगाने स्वीकारले आहे. २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार मालाच्या बांधणीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेत ३० मिनिटे तापवावे लागते, किंवा त्याला धुरी द्यावी लागते; मगच त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का उमटतो. एरवी केवळ अडगळ वाटणाऱ्या त्या फळीवरील शिक्का हा शेतकऱ्याच्या संरक्षणाचा दस्तऐवज आहे.

नियम आहेत, प्रश्न आहे तो अडचणीच्या दिवशी ते पाळण्याचा. २०१९ च्या नोव्हेंबरात, आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस, कांदा कडाडला तेव्हा परदेशी कांद्यासाठी धुरीचे नियम सैल करण्यात आले. परदेशातच धुरी देऊन तसा दाखला आणावयाचा, हा मूळ नियम. तो बाजूला सारून माल येथे पोहोचल्यावर धुरी देण्याची मुभा मिळाली, आणि नियमभंगाचे जादा शुल्कही माफ झाले. डाळींच्या बाबतीत तर अशी सवलत त्याआधी वर्षानुवर्षे वाढवून देण्यात येत होती. महागाईने गांजलेल्या गृहिणीची चिंता आम्हांस कळत नाही असे नाही. गोदीत अडकलेल्या मालावर दररोज चढणारे भाडे व्यापाऱ्याला परवडत नाही, हेही खरे. पण धुरी येथे द्यावयाची म्हणजे शत्रूला आधी अंगणात घ्यावयाचे व मग त्याची झडती घ्यावयाची. कांद्याचा भाव दोन महिन्यांत उतरतो. आत आलेली कीड पिढ्यान् पिढ्या राहते.

ह्या सवलतींमागे एक खरी अडचण आहे, ती मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आपल्या नियमांचा मोठा भर मिथिल ब्रोमाइड ह्या वायूवर आहे. तो ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल करारान्वये इतर उपयोगांतून हद्दपार झाला, केवळ अशा संरक्षक धुरीपुरता अपवाद उरला. आणि अनेक देश आता त्यासाठीही तो वापरू इच्छीत नाहीत. जो नियम समोरच्याला पाळताच येत नाही, तो मोडण्याची सवय सर्वांनाच लागते. तेव्हा उष्णता, शीतगृह व दुसरे वायू यांपैकी कोणत्या मालाला कोणता उपाय पुरेसा, हे शास्त्रज्ञांनी शांततेच्या काळात ठरवावे. टंचाईच्या गदारोळात मंत्रालयाने नव्हे.

इतर देशांचा निर्धार पाहण्यासारखा आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत जपानहून मोटारी घेऊन आलेली जहाजे, त्यांत पिकांना घातक ढेकूण सापडताच, न्यूझीलंडने आल्या पावली परत लावली. २०१४ च्या १ मे पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून आपल्या आंब्यावर बंदी घातली, तेव्हा हापूसचा अपमान झाला म्हणून आपण संतापलो. परंतु त्या बंदीनेच आपल्या बागाईतदारांना व निर्यातदारांना शिस्त लावली, आणि पुढल्याच वर्षी ती उठली. त्यांनी केले ते अन्यायाचे म्हणावे, तर आपल्या शेताचे रक्षण करण्याचा आपला हक्कही आपण गमावतो.

सरकारकडे आमचे मागणे फार नाही. १९१४ च्या कायद्याच्या जागी आणावयाचे कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ साली लोकसभेत मांडले गेले, आणि लोकसभा विसर्जित होताच २०१४ साली रद्दबातल झाले. त्या कामाला पुन्हा हात घालावा. शिवडीच्या हाजी बंदरावरील व न्हावा-शेवा येथील तपासणी केंद्रांना मालाच्या ओघाच्या प्रमाणात माणसे व प्रयोगशाळा द्याव्यात. माल अडविणाऱ्या अधिकाऱ्यास वरून येणाऱ्या दूरध्वनीपासून संरक्षण असावे. आणि एखादी सवलत द्यावयाचीच झाली, तर तिची कारणे, तिची मुदत व तिचा परिणाम जनतेपुढे मांडला जावा.

विदर्भातील कापूस-शेतकऱ्याला अमेरिकेतील त्या सोंडकिड्याचे नावही ठाऊक नाही. त्याच्यामागे संकटे काय थोडी आहेत? पण त्यांत हे एक नाही, आणि ते नाही याचे श्रेय बंदरात गाठींना धुरी देणाऱ्या अनाम माणसांचे आहे. त्यांचा हात आज आपण सैल सोडला, तर उद्या त्याच शेतकऱ्याला एका नव्या किडीचे नाव शिकावे लागेल.