अपील ऐकणारा कोण?



कापसाच्या एकाधिकार खरेदीचे दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. ग्रेडर मूठभर कापूस हातात घ्यायचा आणि ग्रेड सांगून मोकळा व्हायचा. पटली नाही तर तक्रार कोणाकडे? त्याच केंद्रावर, त्याच्याच साहेबाकडे. पोलिसांच्या शिक्षेचे अपील हा विषय आपल्या बैठकीत कशाला, असे विचारणाऱ्याने ही ग्रेडरची गोष्ट ध्यानात ठेवावी.

लाठी आणि गोळी आपण खाल्ली आहे. १९८१ साली निपाणीला, १० डिसेंबर १९८६ रोजी कापूस आंदोलनात सुरेगावला, ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात. सुरेगावला तीन शेतकरी गेले, मावळातही तीन. अशा वेळी चौकशीची, निलंबनाची घोषणा होते. लोक शांत होतात, पेरणीला लागतात. पुढे काय झाले ते विचारायला कोणी जात नाही.

पुढचा रस्ता असा आहे. शिपायाला शिक्षा देतात जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. त्यावरचे अपील १९५६ च्या नियमांप्रमाणे खात्यातच वरच्या साहेबाकडे, म्हणजे परिक्षेत्राच्या महानिरीक्षकांकडे जाते. तेथेही जमले नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. हे १९९१ पासून चालू आहे; आपल्या भागासाठी त्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसते. न्यायाधिकरणावर कोणी बसावे हे कायद्यात लिहिलेले आहे. अध्यक्ष उच्च न्यायालयाचा न्यायाधीश राहिलेला हवा. खंडपीठात एक सदस्य न्यायाच्या बाजूचा, दुसरा प्रशासनातून मोठ्या हुद्द्यावरून आलेला. त्यांच्याही वर उच्च न्यायालय आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगून ठेवले.

म्हणजे शेवटच्या पायरीवर पात्रता कडक आहे. खालच्या पायरीवर मात्र हुद्दा हीच पात्रता. आणि घोटाळा होतो तो खाली. चौकशी अधिकाऱ्याने साक्षी नीट घेतल्या नाहीत, कागद दिले नाहीत, की वर गेल्यावर शिक्षा टिकत नाही. मारहाण झाली की नाही हा प्रश्न बाजूलाच राहतो. काही ठिकाणी चौकशी मुद्दाम कच्ची ठेवतात की काय, अशी शंका आम्हाला येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरडवाहू घरात ज्वारी, तूर आणि पोलीस भरती अशी तीन पिके घेतली जातात. तिसरे साधले तर घर तरते. बंदोबस्तात उभा असलेला शिपाई हा पुष्कळदा आपल्याच भावकीतला पोरगा असतो. हुकूम साहेबाचा आणि बडतर्फी पोराची, असे झाले तर त्याचे अपील ऐकणारा त्या साहेबाच्या पंगतीतला नसावा, हे त्याच्याही हिताचे आहे.

ज्याच्या पाठीवर वळ उठले तो मात्र या सगळ्यात कुठेच नाही. खात्याच्या चौकशीत तो फार तर साक्षीदार. अपील हा नोकर आणि सरकार यांच्यातला मामला. शिपाई परत कामावर आला हे त्याला कळते ते बाजारात समोर दिसल्यावर.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असाच प्रश्न होता. तेथे पोलिसांच्या शिक्षेवर लवाद बसतो, आणि पूर्वी तो निवडण्यात पोलीस संघटनेचाही हात असे. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर कायदा बदलला. आता लवादांची यादी सरकारी आयुक्त ठरवतो, आणि यादीतल्या माणसाला भेदभाव म्हणजे काय याचे आणि पोलिसाचे रोजचे काम कसे असते याचे, दोन्हींचे शिक्षण घ्यावे लागते. ही दुहेरी अट आम्हाला पटली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सांगितले होते, की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाचे प्राधिकरण असावे. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा केला, पण जिल्ह्याऐवजी विभाग धरला. उमरग्याच्या शेतकऱ्याने एसटीने एवढ्या लांब जायचे, मुक्काम करायचा, आणि तारीख पडली की परत यायचे.

तेव्हा जिल्हा बैठकीत हा ठराव ठेवत आहोत: प्राधिकरण धाराशिवला बसावे. खात्यातले पहिले अपील ऐकताना खात्याबाहेरचा, कायदा जाणणारा एक माणूस सोबत असावा, आणि त्याने मागच्या काही वर्षांत पोलीस खात्याचे काम घेतलेले नसावे. निकाल कारणांसह लेखी असावा आणि त्याची प्रत तक्रारदाराच्या घरी पोचावी. ठरावात भर घालायची असेल त्यांनी तालुक्याच्या बैठकीतच लिहून द्यावी.