नातवंडांची जोडखेळणी आणि आजोबांची बोटे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची नातवंडे कर्जत, राशीन, मिरजगावच्या घरी परततात, तेव्हा अलीकडे त्यांच्या पिशव्यांतून एक नवी वस्तू घरात येते. चित्रांनी सजलेल्या खोक्यात प्लॅस्टिकच्या सपाट चौकटी असतात आणि त्या चौकटींना लहान लहान भाग जोडलेले असतात. प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो. भाग कापून काढावेत, सोबतच्या पुस्तिकेतील आकृत्या पाहत एकमेकांत बसवावेत आणि आवडते पात्र उभे करावे, असा हा खेळ आहे.

ही पात्रे बहुधा ‘मांगा’तून, म्हणजे जपानी चित्रकथांतून आलेली असतात. फुजिको एफ. फुजिओ यांचा ‘डोरेमॉन’ १९७० च्या सुमारास अवतरला, तर अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’चा आरंभ १९८४ मध्ये झाला. दूरचित्रवाणीमुळे निळा डोरेमॉन आपल्या आजी-आजोबांनाही अनोळखी राहिलेला नाही. बांदाई या जपानी कंपनीची अशी बहुतेक किट गोंदाविना, नुसती दाबून जुळतात. मुले ती एकामागून एक जमवतात आणि घरातील वडीलधारी मंडळी ‘पैशांचा चुराडा’ म्हणून त्यांकडे पाठ फिरवतात. त्यांनी पाठ फिरवू नये, यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

असे काम आपल्याला परके नाही. गोधडीचे तुकडे जुळवणाऱ्या, देवासाठी वाती वळणाऱ्या आजींच्या बोटांना जी चिमटीची पकड लागते, तीच येथेही लागते. अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडणाऱ्या पिढीला छोट्या प्रतिकृतींची गोडी नव्याने शिकवावी लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले; प्रतिकृतींचे वेड वयाबरोबर ओसरतेच असे नाही, हे तेथे गेल्यावर पटते.

अशा कामाने स्मृतिभ्रंश बरा होतो असा दावा मी करणार नाही. तथापि, डोळे, बोटे आणि लक्ष यांना एकाच वेळी कामाला लावणारी आणि दोन पिढ्यांना एका मेजाशी बसवणारी गोष्ट वृद्धापकाळात सहज मिळत नाही. शिवाय तिचा आणखी एक उपयोग आहे. हातांत आणि मनात होणारे सूक्ष्म बदल अशा कामात इतरांच्या आधी दिसू लागतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचे उदाहरण घ्या. घर माळकरी, आहार पूर्णतः शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू. एका सुट्टीत त्यांनी नातवासोबत एक किट सहज पुरे केले. पुढच्या सुट्टीत मात्र हातातला भाग त्यांना कळेनासा झाला, तो वारंवार निसटू लागला आणि नुकताच वाचलेला क्रमांक ते पुन्हा विचारू लागले. ‘वय झाले’ असे म्हणून घरच्यांनी विषय सोडून दिला असता. परंतु सूनबाईंनी त्यांना तपासणीस आणले. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. शाकाहारी आहार आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन यांमुळे ही कमतरता उद्भवू शकते. तिने बोटे बधिर होतात आणि विसरभोळेपणाही वाढतो. इंजेक्शने सुरू केल्यावर काही महिन्यांत त्यांच्यात स्पष्ट सुधारणा झाली. उपचारास फार विलंब झाला असता, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून आली नसती.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आकृत्यांचा क्रम पूर्वी समजत होता आणि आता समजत नाही, असे दिसल्यास बी-१२, थायरॉइड, नैराश्य, नवी औषधे आणि दृष्टी यांचा विचार डॉक्टरांकडून करून घ्यावा. हात स्वस्थ असताना कंप होणे, हालचाली मंदावणे, अक्षर बारीक होत जाणे ही कंपवाताची लक्षणे असू शकतात. मात्र एका हातातील शक्ती अकस्मात गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून त्वरित १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते आणि आपल्या भागातून मोठे रुग्णालय गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

आता कामाच्या विभागणीविषयी. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर भाग कापण्याचे काम नातवाकडे द्यावे. क्रमांक शोधणे आणि भाग जुळवणे आजी-आजोबांनी करावे. मेजावर फिक्या रंगाचा जाड टॉवेल अंथरावा, म्हणजे भाग घरंगळत नाहीत. भरपूर उजेड आणि जवळचा चष्मा हवा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा बोटे बधिर असलेल्यांनी ब्लेड हाताळू नये. रंग वापरायचे झाल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दम्याच्या रुग्णांनी त्या वासापासून दूरच राहावे.

सुटे भाग औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत मुळीच ठेवू नयेत. रंगीत तुकडा गोळी समजून गिळला जाऊ शकतो. तान्ह्या भावंडांपासूनही ते दूर असावेत. दिव्यासाठी लागणारा बटण सेल मुलाने गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते; उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न संग्रहाचा. विकत घेऊन न उघडलेल्या खोक्यांच्या ढिगाला जपानी छंदिष्ट ‘त्सुमिपुरा’ म्हणतात. म्हणजे हा मोह त्यांच्याकडेही आहे. आपल्या घरी नियम सोपा असावा: हातातले पुरे झाल्याखेरीज नवे घ्यायचे नाही. खोकी शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेत तर कदापि नकोत. रात्री त्यांना अडखळून पडलेल्या आजींच्या मोडलेल्या खुब्याची किंमत कोणत्याही खेळण्यापेक्षा फार मोठी असते.

जोडून झालेल्या प्रत्येक खेळण्याच्या तळाशी तारीख, लागलेले दिवस आणि जोडणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवावीत. ही परीक्षा नव्हे, हे घरातील सर्वांनी जाणावे आणि चुकल्यास कोणी हसू नये. पण पुढच्या दिवाळीत ती नोंद पाहताना ‘मागच्या वेळी याला दोन दिवस पुरले होते’ एवढे जरी कोणाच्या लक्षात आले, तरी तपासणीची वेळ चुकणार नाही.